कॉम्प्युटर सारखा क्रॅश होतोय? विंडोज परत टाकायच्या आधी हे करून बघा

माझा कॉम्प्युटर जवळपास महिनाभर छळत होता. कधी दिवसातून तीनदा निळी स्क्रीन, कधी दोन दिवस एकदम गुणी बाळासारखा चालायचा आणि मी सुटलो एकदाचा म्हणेपर्यंत परत धाडकन बंद. पहिल्या क्रॅशच्या वेळी स्क्रीनवर ग्राफिक्स ड्रायव्हरचं (विंडोजला ग्राफिक्स कार्डशी जोडणाऱ्या प्रोग्रॅमचं) नाव आलं होतं म्हणून मी तेच धरून बसलो, ड्रायव्हर काढला, नवा टाकला, मग जुना टाकला, शेवटी वैतागून अख्खं विंडोज परत टाकलं आणि आठवड्याने अजून एकदा टाकलं. निघालं काय, तर रॅमची एक स्टिक खराब. दोनदा विंडोज टाकण्यात, सगळे प्रोग्रॅम परत बसवण्यात जे दिवस गेले ते गेलेच, आणि जी टेस्ट केल्यावर हे कळलं ती टेस्ट फुकट होती आणि एका रात्रीत झाली.

म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. विंडोज १० आणि ११ धरून लिहिलंय. घाई करू नका, आधी क्रॅश नीट बघा, मग हात लावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि क्रॅश थांबला तर नक्की कशाने थांबला ते कधीच कळत नाही, आणि महिन्याने परत सुरू झाला की तुम्ही परत पहिल्या घरात.

काय काय जवळ ठेवायचं

- वही-पेन किंवा फोनवरचं नोट्सचं अ‍ॅप. कंटाळा येईल पण सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो
- डेटा काढून ठेवायला एक्स्टर्नल डिस्क
- ८ जीबीचा एक रिकामा पेनड्राइव्ह, रॅम तपासायला (त्यातलं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा)
- साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, मऊ ब्रश
- हे फुकट प्रोग्रॅम: ब्ल्यूस्क्रीनव्ह्यू, एचडब्ल्यूइन्फो, क्रिस्टलडिस्कइन्फो, मेमटेस्ट८६, आणि ग्राफिक्स ड्रायव्हर मुळापासून काढायला डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, ज्याला सगळे डीडीयू म्हणतात
- तुमच्या मदरबोर्डचं किंवा लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल नाव, बिल आणि वॉरंटीची तारीख

प्रोग्रॅम ज्याने बनवलाय त्याच्याच साइटवरून घ्या. सर्चमध्ये वर येणाऱ्या डाउनलोडच्या जाहिराती आणि "एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर अपडेट" वाली अ‍ॅप्स यांच्यापासून लांब राहा, ती बऱ्याचदा भलत्याच मॉडेलचा ड्रायव्हर बसवतात आणि आधी एक प्रॉब्लेम होता तिथे दोन होतात.

१. सगळ्यात आधी डेटा आणि बिटलॉकरची की

क्रॅश डिस्कमुळे होत असेल तर ती डिस्क उद्या चालू होईलच असं नाही. फोटो, कामाच्या फाइल्स, ब्राउझरचे पासवर्ड, जे गेलं तर रडू येईल ते आधी बाहेर काढा. कॉपी करता करताच क्रॅश होत असेल तर सेफ मोडमध्ये (अगदी मोजक्या ड्रायव्हरवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) जाऊन करा.

दुसरी गोष्ट बरेच जण विसरतात. बऱ्याच नवीन लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकरने आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. तुम्ही बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅममध्ये) काहीतरी बदललं किंवा बायोस अपडेट केलं की पुढच्या वेळी चालू करताना ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती नसेल तर आतला डेटा कायमचा गेला असंच समजा. बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ती सेव्ह असते, आत्ताच दुसऱ्या फोनवरून उघडून बघा आणि कागदावर लिहून ठेवा. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. कॉम्प्युटरला पळून जाऊ देऊ नका

विंडोज क्रॅश झालं की डीफॉल्टने स्वतःच रिस्टार्ट होतं आणि त्यामुळे एरर वाचायच्या आतच स्क्रीन गायब होते. ते बंद करायचं. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून रनची खिडकी उघडायची, तिथे sysdm.cpl टाइप करायचं, अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंग्जमध्ये जायचं, "ऑटोमॅटिकली रिस्टार्ट"वरची टिक काढायची आणि खाली स्मॉल मेमरी डंप (क्रॅशच्या क्षणाची नोंद ठेवणारी छोटी फाइल) निवडायचा. एसएसडीवर जागा वाचवायची म्हणून कोणी पेज फाइल (रॅमच्या मदतीला विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल) बंद केली असेल तर ती परत चालू करा, तिच्याशिवाय डंप लिहिलाच जात नाही.

आता पुढचा क्रॅश झाला की फोनने फोटो काढा. क्यूआर कोडचा उपयोग नाही, खाली बारीक अक्षरात जो स्टॉप कोड लिहिलेला असतो तो हवा, आणि त्याच्याखाली "व्हॉट फेल्ड" म्हणून फाइलचं नाव असेल तर तेही. विंडोज ११ च्या नवीन अपडेटनंतर ही स्क्रीन निळी नसते, काळी असते, त्यामुळे काळी स्क्रीन आली म्हणजे मॉनिटर गेला असं समजू नका, अक्षरं आहेत का बघा.

वहीत प्रत्येक क्रॅशला चार गोष्टी लिहायच्या: वेळ, तेव्हा काय चालू होतं, स्टॉप कोड, आणि बंद कसा झाला. चार-पाच नोंदी झाल्या की चित्र दिसायला लागतं.

३. क्रॅशची जात ओळखा

मी हे पहिल्या दिवशी केलं असतं तर माझा महिना वाचला असता, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पहिला प्रकार, दर वेळी तोच स्टॉप कोड आणि तीच फाइल. हा बहुतेक करून ड्रायव्हर. बहिणीचा लॅपटॉप असाच होता, झाकण लावून ठेवला आणि परत उघडला की क्रॅश, कोड दर वेळी "ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर". झोपेतून उठताना एखादा ड्रायव्हर वेळेत उत्तर देत नाही तेव्हा हा येतो. तिच्या केसमध्ये वायफायचा ड्रायव्हर निघाला, लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरचा घालून अर्ध्या तासात मिटलं.

दुसरा प्रकार, दर वेळी वेगळाच कोड, वेगळीच फाइल. आज "मेमरी मॅनेजमेंट", उद्या "पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया", परवा "आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल", मध्येच ब्राउझरचे टॅब आपोआप मरतायत, झिप फाइल उघडताना करप्ट म्हणतेय. इतके ड्रायव्हर एकदम बिघडत नाहीत. इथे पहिला संशय रॅमवर घ्यायचा. खराब रॅममध्ये एखादा बिट उलटा होतो, आणि त्या जागी त्या क्षणी ज्याचा डेटा पडलेला असेल त्याचं नाव बदनाम होतं. माझ्या पहिल्या क्रॅशला तिथे ग्राफिक्स ड्रायव्हर पडला होता, बस, एवढंच.

तिसरा प्रकार, कोडबिड काही नाही, वायर उपटल्यासारखा फट्कन बंद किंवा सरळ रिस्टार्ट. गेम किंवा व्हिडिओ रेंडरिंग चालू असताना होत असेल तर पॉवर सप्लाय किंवा गरमी.

चौथा, सगळं गोठतं. माउस हलतो पण काहीच उघडत नाही, डिस्कचा वापर १०० टक्के दाखवतो, मग दोन-तीन मिनिटांनी क्रॅश. डिस्क बघा. माउससुद्धा हलत नसेल आणि स्पीकरमधून एकच आवाज घर्रर्र अडकून राहिला असेल तर मात्र काहीही असू शकतं, तिथे पुढचं सगळं क्रमाने करावं लागेल.

आणि "डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर" हा कोड वेगळा ठेवा. हा म्हणजे प्रोसेसरने स्वतःच सांगितलंय की हार्डवेअरमध्ये चूक झाली. यात विंडोज परत टाकून काही होत नाही, ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं), व्होल्टेज, गरमी, प्रोसेसर, मदरबोर्ड याच बाजूला बघायचं.

४. विंडोजने स्वतः काय लिहून ठेवलंय ते वाचा

सोपं आधी. स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी" टाइप करा, रिलायबिलिटी हिस्टरी उघडते. तारखांचा तक्ता असतो, लाल फुल्या म्हणजे क्रॅश. पहिली लाल फुली कुठल्या दिवशी आली आणि त्याच्या एक-दोन दिवस आधी काय इन्स्टॉल झालं ते बघा. बऱ्याच जणांना इथेच उत्तर मिळू शकतं.

मग इव्हेंट व्ह्यूअर, त्यात विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. इथे शेकडो लाल-पिवळ्या खुणा दिसतील, घाबरू नका, एकदम ठणठणीत कॉम्प्युटरवरही दिसतात. क्रॅशच्या वेळेच्या आसपासचंच बघायचं. "कर्नल-पॉवर ४१" हमखास दिसेल आणि नवीन माणूस इथे हमखास फसतो, कारण नावात पॉवर आहे म्हणून लोक सरळ पॉवर सप्लाय बदलायला निघतात. या इव्हेंटचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. तो परत चालू झाल्यावर लिहिला जातो, त्यात कारण नसतं. पण त्याच्या डिटेल्स टॅबमध्ये "बगचेक कोड" असतो तो बघा. तो शून्य असेल तर विंडोजला क्रॅश नोंदवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे करंट गेला किंवा पूर्ण गोठला. शून्य नसेल तर तो स्टॉप कोडच आहे, फक्त साध्या दशमान आकड्यात: २६ म्हणजे मेमरी मॅनेजमेंट, २७८ म्हणजे ग्राफिक्सचा टीडीआर (ग्राफिक्स कार्ड वेळेत उत्तर देत नाही तो, पायरी ६ मध्ये येईल), २९२ म्हणजे डब्ल्यूएचईए. शिवाय "डिस्क" या नावाने ७ किंवा १५३ नंबरचे इव्हेंट रांगेने दिसत असतील तर सरळ पायरी ८ वर जा.

डंप फाइल्स सी ड्राइव्हमध्ये विंडोज फोल्डरच्या आत मिनीडंप नावाच्या फोल्डरमध्ये असतात. ब्ल्यूस्क्रीनव्ह्यू उघडलं की त्या सगळ्या एका यादीत दिसतात. एका फाइलवरून निष्कर्ष काढू नका, चार-पाच समोर ठेवून "कॉज्ड बाय ड्रायव्हर"चा रकाना उभा वाचत जा. तिथे एनटीओएसकेआरएनएल असं दिसलं तर तो विंडोजचा गाभा आहे, तो गुन्हेगार जवळजवळ कधीच नसतो, क्रॅश त्याच्या हातात झाला म्हणून त्याचं नाव येतं. एनव्ही पासून सुरू होणारं नाव एनव्हिडियाच्या ग्राफिक्सचं असू शकतं, एएमडी पासून सुरू होणारं एएमडीचं. बाकी नावं सर्च करून बघायची. डंपच नाहीत, फोल्डर रिकामा आहे, हीसुद्धा माहितीच आहे, तिसरा प्रकार आठवा.

५. फुकटातल्या गोष्टी

आता हात लावायला सुरुवात.

बाहेरचं सगळं काढा. कीबोर्ड, माउस, मॉनिटर सोडून प्रिंटर, यूएसबी हब, वेबकॅम, गेम कंट्रोलर, सगळं. दोन दिवस तसंच वापरा.

ओव्हरक्लॉक बंद करा. आम्ही ओव्हरक्लॉक केलंच नाही असं बरेच जण म्हणतात, पण रॅमचं एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइल (रॅम जास्त वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) चालू असेल तर तोही ओव्हरक्लॉकच. बायोसमध्ये "लोड ऑप्टिमाइझ्ड डीफॉल्ट्स" केलं की सगळं मूळ जागेवर येतं. त्याआधी बायोसच्या स्क्रीनचे फोटो काढून ठेवा, विशेषतः स्टोरेजच्या सेटिंगचा, कारण तो मोड बदलला गेला तर विंडोज चालूच होत नाही आणि "इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" म्हणतं. तो परत होता तसा केला की चालू होतं.

आणि शटडाउन करून चालू केलं म्हणजे सगळं ताजं झालं असं नसतं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे ठेवले जातात आणि पुढच्या वेळी तेच परत उचलले जातात. ड्रायव्हर बदलल्यावर रिस्टार्टच करायचं.

६. ड्रायव्हर

साधा प्रोग्रॅम क्रॅश झाला तर तो एकटा मरतो. बरेचसे ड्रायव्हर कर्नलच्या आत चालतात, तिथे एकाने चुकीच्या जागी हात घातला की विंडोज डेटा खराब होऊ नये म्हणून मुद्दाम सगळंच थांबवतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन एका दिवसात बंद पडली ती याच कारणाने, त्यांचा सुरक्षेचा ड्रायव्हर कर्नलमध्ये होता. म्हणून अँटीव्हायरस, व्हीपीएन, गेमची अँटीचीट, आरजीबी लाइटची अ‍ॅप्स, फॅन कंट्रोलची अ‍ॅप्स यांनाही ड्रायव्हरच समजा. दिसायला साधी असतात पण खाली ड्रायव्हर टाकून बसलेली असतात.

क्रम असा ठेवा. रिलायबिलिटीत क्रॅश सुरू व्हायच्या आधी एखादा ड्रायव्हर अपडेट दिसला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन "रोल बॅक ड्रायव्हर". ते बटण पुसट असेल तर मागचा ड्रायव्हर साठवलेलाच नाही, मग साइटवरून जुना आणायचा. लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरचा घ्या, चिप बनवणाऱ्याचा नंतर. नवीन म्हणजे चांगला असं काही नाही, मी तरी चाललेल्या ड्रायव्हरला उगाच हात लावत नाही.

ग्राफिक्सचा संशय असेल, म्हणजे "व्हिडिओ टीडीआर फेल्युअर" येतोय किंवा स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येतेय, तर थोडं समजून घ्या. ग्राफिक्स कार्डने साधारण २ सेकंदात उत्तर दिलं नाही तर विंडोज ते रीसेट करतं, रीसेटही जमलं नाही तर क्रॅश. रजिस्ट्रीमध्ये जाऊन हे २ सेकंद वाढवायचा सल्ला सगळीकडे मिळतो, त्याने कार्ड का अडकलं ते कळत नाही, फक्त तुम्ही जास्त वेळ गोठलेली स्क्रीन बघता. त्यापेक्षा नवा ड्रायव्हर आधी डाउनलोड करून ठेवा, इंटरनेट बंद करा (नाहीतर विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घालतं), शिफ्ट दाबून रिस्टार्ट करून सेफ मोडमध्ये जा, डीडीयूने जुना साफ काढा, रिस्टार्ट, नवा घाला. मगच इंटरनेट लावा. तरीही तेच होत असेल तर कार्डची पॉवर केबल, गरमी आणि शेवटी कार्ड.

ड्रायव्हर व्हेरिफायर नावाचं एक हत्यार विंडोजमध्येच आहे, ते ड्रायव्हरवर मुद्दाम ताण देऊन चोर पकडतं. चालतं चांगलं, पण चालू केल्यावर कॉम्प्युटर सुरूच न होता क्रॅशच्या चक्रात अडकू शकतो. आधी रिस्टोर पॉइंट (परत मागे जाता यावं म्हणून सेटिंग्जची साठवलेली प्रत) बनवा, मग फक्त मायक्रोसॉफ्ट सोडून बाकीचे ड्रायव्हर निवडायचे, आणि अडकलात तर सेफ मोडमध्ये कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून "व्हेरिफायर स्पेस स्लॅश रीसेट". हे पाठ असल्याशिवाय चालू करू नका.

७. रॅम

विंडोजमध्ये मेमरी डायग्नोस्टिक आहे, ते आधी चालवलं तर हरकत नाही, पण त्याने "एरर नाही" सांगितलं म्हणून रॅमला क्लीन चिट देऊ नका. माझ्या खराब स्टिकला त्याने पास केलं होतं, आणि मी तिथेच रॅमचा विषय सोडून दिला.

मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून बूट करा, किमान ४ पास होऊ द्या (सगळ्या टेस्ट एकदा पूर्ण झाल्या की एक पास). रॅम जास्त असेल तर अख्खी रात्र लागते, म्हणून झोपताना लावायचं. माझ्याकडे पहिला पास स्वच्छ गेला. दुसऱ्या पासमध्ये, रात्री दीडच्या सुमारास पाणी प्यायला उठलो तर अंधारात स्क्रीनचा खालचा भाग लाल ओळींनी भरत चालला होता, एकाखाली एक, अपेक्षित आकडा आणि आलेला आकडा, आणि दोन्हींत फरक प्रत्येक ओळीत फक्त त्याच एका जागी. महिन्याभराचं कोडं त्या एका अक्षरात होतं. पहिल्या पासनंतर बंद करून झोपलो असतो तर अजून विंडोजच टाकत बसलो असतो.

इथे एकही एरर चालत नाही. "फक्त दोनच आल्या" असं काही नसतं, एक आली तरी काहीतरी चुकतंय.

एरर आल्या की कुठली स्टिक ते शोधायचं. कॉम्प्युटर बंद, वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलासुरला करंट जातो, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज निघून जाते. स्लॉटच्या टोकाची क्लिप बाहेर ढकलली की स्टिक वर येते. सोनेरी दातांना बोट लावू नका. एकच स्टिक ठेवून टेस्ट, मग दुसरी ठेवून त्याच स्लॉटमध्ये टेस्ट. एक पास आणि एक नापास म्हणजे स्टिक खराब. दोन्ही त्याच स्लॉटमध्ये नापास आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये पास असतील तर स्लॉट किंवा मदरबोर्ड. एकेकट्या पास आणि जोडीने नापास, असंही होतं, विशेषतः वेगवेगळ्या वेळी घेतलेली रॅम एकत्र लावली असेल तर, तेव्हा एक्सएमपी बंद ठेवून टेस्ट करा, पास झाली तर कमी वेगावर वापरा किंवा जुळी जोडी घ्या. परत बसवताना दोन्ही बाजूंनी सारखा दाब द्या, टक् आवाज आला पाहिजे. बऱ्याचदा नुसती काढून नीट बसवल्यावरच क्रॅश थांबतो, तरी टेस्ट कराच. चार स्लॉट आणि दोन स्टिक असतील तर बहुतेक बोर्डवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा, पण मॅन्युअल बघून घ्या.

आणि खराब रॅमवर विंडोज टाकू नका, कारण फाइल्स कॉपी होताना रॅममधूनच जातात आणि नवंकोरं विंडोजच करप्ट बसतं. माझं दुसरं इन्स्टॉलेशन पहिल्यापेक्षा वाईट चालत होतं ते म्हणूनच.

८. डिस्क

क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. वर नुसतं "गुड" दिसलं म्हणून बंद करू नका, खालची यादी वाचा. हार्ड डिस्क असेल तर रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर हे तीन शून्य हवेत, पेंडिंग वाढत असेल तर ती डिस्क निवृत्त करा. सीआरसी एररचा आकडा वाढतोय पण बाकी सगळं ठीक आहे, तर बहुतेक साटा केबल, बदलून बघा (जुना आकडा कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो). एनव्हीएमई एसएसडीमध्ये "मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स" बघा आणि कंपनीच्या टूलने फर्मवेअर (डिस्कच्या आतलंच सॉफ्टवेअर) अपडेट आहे का तपासा.

चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासणी, लगेच चालवायची सवय लोकांना आहे. मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कवर सेक्टर तपासणीचा पूर्ण चेकडिस्क म्हणजे तासन्‌तास ताण, त्यातच ती जाऊ शकते. आधी डेटा, मग चेकडिस्क.

रॅम आणि डिस्क दोन्ही पास झाल्यावरच सिस्टिम फाइल्स दुरुस्त करायच्या: अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी डिसमचं रिस्टोरहेल्थ (DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth), मग एसएफसी स्कॅननाउ (sfc /scannow).

९. गरमी

एचडब्ल्यूइन्फोमध्ये सेन्सर्स उघडून लॉगिंग चालू करा आणि ज्या कामात क्रॅश होतो तेच काम करा. क्रॅश झाल्यावर लॉगमधल्या शेवटच्या ओळी वाचा. इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास आणि रायझन ७००० वाले ९५ ला स्वतःच वेग कमी करतात, त्यामुळे नुसता आकडा मोठा दिसला म्हणून क्रॅशचं कारण तेच असं नाही, पण चालू केल्यावर मिनिटभरातच तिथे पोचत असेल तर कूलर सैल आहे, पेस्ट वाळलीय, फॅन अडकलाय किंवा धूळ. नवीन बांधलेल्या मशीनमध्ये कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक काढायचं राहिलेलं असतं, हेही बघा. हवा मारून धूळ काढताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा.

१०. पॉवर सप्लाय

याची घरी पक्की टेस्ट होत नाही, म्हणून बाकीचं नाकारत इथे यायचं. आधी भिंतीतलं दुसरं सॉकेट, एक्स्टेंशन आणि यूपीएस मधून काढून थेट, दुसरी पॉवर केबल. मग कॅबिनेट उघडून २४ पिनचा मोठा कनेक्टर, प्रोसेसरचा ८ पिनचा आणि ग्राफिक्स कार्डचे, सगळे काढून परत दाबून बसवा, काढताना प्लास्टिकवर तपकिरी डाग किंवा वितळल्याच्या खुणा आहेत का टॉर्चने बघा. कार्डला दोन कनेक्टर असतील तर एकाच केबलची दोन तोंडं लावण्यापेक्षा दोन वेगळ्या केबल लावा.

१२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या मध्ये राहायला हवी. एचडब्ल्यूइन्फोत दिसतो तो आकडा अंदाजे असतो, पण लोड आल्यावर तो धपकन खाली जाताना दिसला तर संशय पक्का. मग एखाद्याचा चांगला पॉवर सप्लाय दोन दिवस उसना आणून लावून बघणं हाच खरा मार्ग.

दोन गोष्टी मात्र जीव तोडून सांगतो. पॉवर सप्लायचा डबा उघडू नका, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज असू शकतो. आणि मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणारा) पॉवर सप्लाय बदलताना जुन्याच्या केबल नव्याला लावू नका, तोंड बसतं पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि एका क्षणात डिस्क जळते. नव्याबरोबर आलेल्याच केबल वापरा.

११. बायोस आणि प्रोसेसर

इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर ही पायरी वर उचला. जास्त व्होल्टेज मागितलं जाऊन यातले बरेच प्रोसेसर हळूहळू खराब होत होते, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. लक्षण म्हणजे गेम उघडताना "आउट ऑफ व्हिडिओ मेमरी" येणं, मोठ्या इन्स्टॉलर फाइल्स उघडताना फसणं. हा मायक्रोकोड बायोस अपडेटमधून येतो. पण तो पुढचं नुकसान थांबवतो, झालेलं भरून काढत नाही, अपडेटनंतरही क्रॅश होत असेल तर वॉरंटीत प्रोसेसर बदलून मागा.

बायोस अपडेट चालू असताना करंट गेला किंवा मशीन गोठलं तर बोर्डच बंद पडू शकतो, म्हणून क्रॅश होणाऱ्या विंडोजच्या आतून ते करू नका. पेनड्राइव्हवर फाइल टाकून बायोसमधल्याच फ्लॅश टूलने करा, एक्सएमपी बंद ठेवून, बिटलॉकर सस्पेंड करून.

१२. दुरुस्ती झाली हे कसं समजायचं, आणि द्यायला गेलात तर

क्रॅश दोन दिवसांनी व्हायचा असेल तर दोन दिवस नीट चालला म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. मी साधारण तिप्पट वेळ थांबतो, आणि तेवढ्या दिवसांत नेहमीचंच काम करतो, उगाच सांभाळून वापरत नाही.

रिपेअरला द्यायची वेळ आली तर "सारखा बंद पडतो" एवढंच सांगू नका, तसं सांगितलं की बहुतेक वेळा विंडोज टाकून परत देतात. वहीतल्या नोंदी, स्टॉप कोडचे फोटो, मिनीडंप फोल्डरची कॉपी आणि कुठल्या टेस्ट पास झाल्या ते लिहून द्या. डेटा पुसायला परवानगी आहे की नाही तेही लिहून द्या.

रॅम वॉरंटीत पाठवणार असाल तर मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो जोडा, आणि जोडीने घेतलेली असेल तर दोन्ही स्टिक पाठवा, कारण एकटी बदलून आलेली जुनीशी जुळेलच असं नाही. मी दोन्ही पाठवल्या आणि नवी जोडी आली. ती बसवल्यावर त्याच रात्री परत मेमटेस्ट लावून झोपलो, चारही पास स्वच्छ, आणि सकाळी उठून मगच विंडोज टाकलं. तुम्हीही नव्या पार्टवर विश्वास ठेवायच्या आधी ती एक रात्र द्या.